चपटा मासा लागला, पण कोणता? लेपा, भाकस आणि त्यांची भावकी ओळखताना

कोकण किनाऱ्यावर गरवायला शिकणाऱ्याच्या गरीला पहिल्यांदा चपटा मासा लागला की शेजारचा कोणीतरी लांबूनच "लेपा" म्हणून मोकळा होतो. पुष्कळदा तो लेपा असतोही. पण त्याच वाळूत भाकस असतो, डाव्या अंगाचे फ्लाउंडर असतात, पट्टेरी सोल असतात, आणि वरून पाहिलं तर सगळे सारखेच मळकट तपकिरी दिसतात. फरक कळणं कामाचं आहे, कारण गरीचा नंबर, आमिष, गरी सोडवताना बोट कुठे घालायचं नाही आणि घरी गेल्यावर सुरी कुठून चालवायची, हे सगळं जातीवर ठरतं.

नवख्याची चूक जवळजवळ नेहमी एकच असते, ती म्हणजे आधी रंग बघणं. चपटा मासा तळाशी जुळेल तसा रंग बदलतो. तोच मासा पांढऱ्या पुळणीवर फिकट, खाडीच्या गाळात काळपट आणि बादलीत अर्धा तास ठेवल्यावर तिसराच दिसतो. मेल्यावर ठिपके विरतात, कधी नवे डाग उमटतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पर, मग गालाचं हाड, मग डोळ्यांची बाजू, मग अंगावरची रेष, आणि रंग सगळ्यात शेवटी.

नावांबद्दल एक खुलासा. लेप, लेपा, गोव्यात लेपो ही नावं मुख्यतः जिभेच्या आकाराच्या माशाला लावतात, पण बाजारात ती कुठल्याही पातळ चपट्या माशाला चिकटतात. भाकस म्हणजे तो जाड, मोठ्या तोंडाचा, ज्याला इंग्रजीत इंडियन हॅलिबट म्हणतात. या दोघांच्या मधल्या गटाला या लेखात सोयीसाठी फ्लाउंडर म्हटलं आहे, आणि लेपा ज्या गटात येतो त्याला सोल. तुमच्या बंदरावर वेगळं नाव चालत असेल तर तेच वापरा, खुणा मात्र याच तपासा.

आधी दोन पाहुणे बाजूला काढा

पापलेटही चपटं, पण ते उभं पोहतं. दोन्ही बाजूंना एकेक डोळा, दोन्ही बाजू रुपेरी. ते या भावकीतलं नाही. दुसरं पाकट. ते पाठ-पोट असं दाबलेलं असतं. डोळे वर, तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खाली पोटाकडे, मागे चाबकासारखी शेपटी आणि बहुतेकांच्या शेपटीवर विषारी काटा. लेपा जिथे लपतो त्याच उथळ वाळूत पाकटही पडून असतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून गरवत असाल तर पाय उचलून न टाकता तळावर घासत पुढे सरका, पायाची चाहूल लागली की पाकट आपणहून निघून जातं.

आपले चपटे मासे या दोघांपेक्षा निराळे, कारण ते एका कुशीवर झोपलेले असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू साध्या माशासारखंच असतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मग वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कायमचा आडवा होतो. डोळ्यांची बाजू रंगीत, वाळूकडची बाजू बहुधा पांढरी. डोळा कुठल्या कुशीवर गेला, हीच पुढे आपली एक मोठी खूण.

जवळ काय असावं

ओला फडका, पाण्याची बाटली, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, लांब चिमटा, बारीक विजेरी आणि दोन-तीन टूथपिक. टूथपिक हसण्यावारी नेऊ नका. मिटलेला पर उचलून तो कुठून सुरू होतो हे बघायला त्याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही. मासा सोडायचा असेल तर पसरट घमेलं आणि त्यात समुद्राचंच पाणी हवं. उन्हात तापलेल्या कातळावर किंवा प्लास्टिकवर मासा ठेवलात तर खालच्या बाजूचा चिकट थर निघतो, आणि सोडलेला मासा मग जगत नाही.

पायरी 1: मासा नीट मांडा

ओल्या फडक्यावर मासा डोळे वर करून ठेवा. आता पोट कुठलं ते शोधा. चपट्या माशाच्या दोन्ही कडांना लांबलचक पर असल्याने पाठ आणि पोट सारखंच वाटतं, आणि इथेच पहिली फसगत होते. दोन्ही कल्ल्यांची झाकणं घशापाशी जिथे जवळ येतात ती पोटाची कड. पोटाचे दोन लहान पर तिथेच असतात आणि आतड्याची पिशवीही डोक्याला लागूनच असते. बोटाने हलकं दाबलं तर ती मऊ लागते. खालचा जबडाही त्याच बाजूला.

पोटाची कड स्वतःकडे करा. डोकं तुमच्या डाव्या हाताला आलं तर मासा डाव्या अंगाचा, म्हणजे दोन्ही डोळे डाव्या कुशीवर. डोकं उजव्या हाताला आलं तर उजव्या अंगाचा. बस. मनात मासा उभा करून, फिरवून डावं-उजवं ठरवायला गेलात की दहातले चार वेळा उलटं निघेल. पोट आपल्याकडे आणि डोळे आकाशाकडे, एवढंच लक्षात ठेवा.

उत्तर मनात ठेवा, पण त्यावरून लगेच जात ठरवू नका. का, ते पुढच्याच पायरीत.

पायरी 2: पाठीचा पर कुठून निघतो?

डोक्याच्या वरच्या कडेला टूथपिक लावा आणि शेपटीकडून पुढे सरकवत पराचा पहिला काटा शोधा. दोनच शक्यता आहेत.

पर डोळ्यांच्या बराच मागे, मानेपाशी सुरू होतो आणि डोक्याची वरची कड मोकळी राहते. मग तो भाकस, पुढचं काही तपासायची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बाकी सगळ्या चपट्यांचा पर डोळ्याच्या वरून किंवा डोळ्याच्याही पुढून, थेट थुंतरीपासून, म्हणजे तोंडाच्या पुढच्या टोकापासून, सुरू होतो.

भाकसाची खातरजमा करायला आणखी खुणा आहेत. वरचा डोळा जवळजवळ डोक्याच्या कडेवरच बसलेला असतो, सरकत सरकत अर्ध्या वाटेत थांबल्यासारखा. तोंड मोठं, वरच्या जबड्याचं मागचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. दात लांब, अणकुचीदार, बंद तोंडातूनही दिसतील असे. अंग जाड, हाताला भरीव लागतं. पाठीच्या पराचे पुढचे काटे खरोखरचे काटे असतात, टोचतात. इतर चपट्यांचे ते मऊ असतात.

आता वरचं "का". भाकसात डाव्या अंगाचे आणि उजव्या अंगाचे असे दोन्ही मासे जवळजवळ सारख्या प्रमाणात मिळतात. एकाच जाळ्यात दोन भाकस एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे निघतात आणि नवखा त्यांना दोन जाती समजतो. म्हणून डोळ्यांच्या बाजूआधी पर बघायचा.

भाकस 60 सेंटीमीटरच्या वर जाऊ शकतो, पण मोठे मासे खोल पाण्यात असतात. किनाऱ्यावरून किंवा खाडीच्या मुखाशी लागतात ती बहुधा पिल्लं. त्यांच्या अंगावर चार-पाच रुंद काळसर पट्टे असू शकतात, ते बघून लोक पिल्लाला पट्टेरी सोल ठरवतात. पराची सुरुवात पाहिली तर हा घोळ होतच नाही. हातभर भाकस होडीत आला तर त्याच्या तोंडात बोट घालून गरी काढू नका, चिमटा वापरा. तो निपचित पडलेला दिसला तरी शेवटचा चावा शिल्लक ठेवून असतो.

पायरी 3: गालाच्या हाडाची कड

पर डोळ्याच्या वरून किंवा पुढून निघतोय, म्हणजे भाकस नाही. आता डोळा आणि कल्ल्याचं झाकण यांच्या मधला गाल बघा. साध्या माशात, अगदी सुरमई-रावसातही, गालावर एक कमानदार कड असते जिच्याखाली नख अडकतं. ती कड मोकळी दिसते का?

ओल्या बोटाने चिकटा पुसा, डोळ्याकडून कल्ल्याकडे नख हलकेच फिरवा. नख अडकलं, कड दिसली तर मासा फ्लाउंडर गटातला. गाल एकसंध, कातडीने मढवलेला, नख सरळ घसरून गेलं तर सोल गटातला, ज्यात आपला लेपा येतो.

ही खूण नवखे सोडून देतात, कारण ती फोटोत दिसत नाही. पण लहान माशात, जिथे दात मोजता येत नाहीत आणि आकारही फसवा असतो, तिथे हीच उपयोगी पडते. एक ताळा: उथळ पाण्यात कड स्पष्ट असलेला आणि डोळे उजव्या अंगावर असलेला मासा निघाला तर पायरी 2 पुन्हा करा. तो बहुधा भाकसच असतो आणि मिटलेल्या परामुळे सुरुवात चुकलेली असते.

पायरी 4: फ्लाउंडर असेल तर

आपल्याकडे उथळ पाण्यात मिळणारे फ्लाउंडर डाव्या अंगाचे. त्यांत दोन घराणी आहेत आणि ती वेगळी करायला मासा उलटा करावा लागतो.

आधी वरची बाजू. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेष शोधा, शास्त्रात तिला पार्श्वरेषा म्हणतात. विजेरी वरून धरू नका, माशाच्या पातळीत, शेपटीकडून आडवी धरा. खवल्यांवर सावली पडते आणि रेष शिवणीच्या टाक्यासारखी उठून दिसते. फ्लाउंडरमध्ये ही रेष छातीच्या पराच्या वर उंच कमान घेते, मग उतरून मधोमध सरळ शेपटीकडे जाते. आता मासा उलटा करा आणि पांढऱ्या बाजूवर तीच विजेरी तशीच आडवी धरा. तिथेही कमान दिसली तर पहिलं घराणं, दातेरी फ्लाउंडरचं. पांढरी बाजू कोरी असेल तर दुसरं घराणं, रुंद डोळ्यांच्या फ्लाउंडरचं.

पोटाचे दोन पर ताळा म्हणून बघा. दातेरी घराण्यात दोन्ही परांची बुंधं आखूड आणि साधारण सारखी. दुसऱ्या घराण्यात रंगीत बाजूच्या पराचं बूड लांब, पार घशाकडे पुढे गेलेलं, आणि पांढऱ्या बाजूचं आखूड.

दातेरी घराण्यात खाडीच्या तोंडाशी आणि पुळणीवर भेटणारा मोठा मासा म्हणजे स्यूडोऱ्हॉम्बस आर्सियस. तो 45 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, पण हाताला लागतात ते पुष्कळ लहान, आणि पिल्लं खाडीत शिरतात. त्याची खूण दातांत आहे. दोन्ही जबड्यांच्या पुढच्या भागात सुळ्यासारखे मोठे दात, बाजूचे त्या मानाने विरळ. शिवाय जिथे रेषेची कमान संपून सरळ भाग सुरू होतो, नेमक्या त्या सांध्यावर एक काळा डाग, आणि सरळ भागाच्या मध्यावर आणखी एक, फिका. दात बारीक, एकसारखे आणि दाटीवाटीचे दिसले तर तो याच घराण्यातला दुसरा भाऊ.

तीन डोळ्यांचा फ्लाउंडर ओळखायला सगळ्यात सोपा. त्रिकोणात मांडलेले तीन मोठे काळे गोल डाग, प्रत्येकाभोवती पांढरं कडं. मासा मात्र जेमतेम वीतभर, त्यामुळे गरीपेक्षा जाळ्यातच जास्त दिसतो. रंगाच्या खुणेवर भरवसा ठेवावा असा हा विरळा अपवाद, पण तोही ताजा असेपर्यंतच.

रुंद डोळ्यांच्या घराण्यात दोन डोळ्यांमध्ये ऐसपैस, खोलगट जागा असते आणि नरात ती मादीपेक्षा रुंद. काही जातींच्या नराच्या छातीच्या पराचे काटे दोऱ्यासारखे लांब वाढलेले दिसतात. म्हणजे एकाच जातीचे नर-मादी शेजारी ठेवले तर दोन वेगळे मासे वाटतात. अशा वेळी पांढऱ्या बाजूची कोरी कुशी आणि पोटाच्या पराचं लांब बूड, या दोन खुणा दोघांतही सारख्या सापडतील.

पायरी 5: लेपा, म्हणजे डाव्या अंगाचा जीभमासा

गाल एकसंध, डोळे बारीक आणि जवळजवळ, डोळे डाव्या अंगावर, छातीचा पर मुळीच नाही, आणि पाठीचा व पोटाकडच्या कडेचा लांब पर शेपटीला जाऊन मिळालेले, की शेपूट अशी वेगळी उरत नाही, अंग निमुळतं होत टोकाला संपतं. हा लेपा. थुंतरी पुढून खाली आकड्यासारखी वळलेली आणि तोंड तिच्याआड, वाकडं, बारीक. याच्या कुळाचं शास्त्रीय नाव सायनोग्लॉसस, म्हणजे ग्रीकमध्ये कुत्र्याची जीभ. एकदा पाहिल्यावर नाव पटतं.

लेप्यातल्या जाती वेगळ्या करणं हे या लेखातलं सगळ्यात किचकट काम, आणि ते रेषा मोजूनच होतं. फ्लाउंडरसारखी इथे एक रेष नसते. रंगीत बाजूवर दोन किंवा तीन असू शकतात, एक मधून, दुसरी वरच्या पराजवळून, तिसरी असली तर खालच्या पराजवळून. मासा पाण्याने धुवा, चिकटा ओल्या फडक्याने डोक्याकडून शेपटीकडे पुसा, उलट पुसलात तर खवले उठतात आणि मग रेष सापडत नाही. आडव्या उजेडात रंगीत बाजू मोजा. उलटा करा, पांढरी बाजू मोजा. दोन आकडे लिहून ठेवा.

मोठ्या खवल्यांचा लेपा, सायनोग्लॉसस अरेल: वर दोन, खाली एकही नाही. दोन रेषांच्या मध्ये सर्वांत रुंद जागी खवल्यांच्या 7 ते 9 च ओळी बसतात, इतके खवले मोठे. अंग एकरंगी तपकिरी, कल्ल्याच्या झाकणावर काळसर डाग. 40 सेंटीमीटरपर्यंत जातो.

चार रेषांचा लेपा, सायनोग्लॉसस बायलिनिएटस: वर दोन आणि खालीही दोन. लांबी अरेलसारखीच आणि कल्ल्यावरचा डागही तसाच, म्हणून वरून बघून हे दोघे ओळखता येत नाहीत. उलटा केल्याशिवाय निकाल नाही.

ठिपक्यांचा लेपा, सायनोग्लॉसस पंक्टिसेप्स: अंगावर वेडेवाकडे गडद डाग, परांवरही गडद काड्या. हा लहान. अंग हाताला खरखरीत.

मलबारी लेपा, सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस: सुमारे 15 सेंटीमीटरचा, थव्याने राहणारा. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पावसाळा ओसरताच याचे मोठे थवे जाळ्यात येतात. गरीला लागणारा हा मासा नव्हे, तो टोपलीतच भेटायचा.

आणि एक गंमत. लेप्यासारखाच दिसणारा, पण ओठ जवळून बघितले तर रंगीत बाजूच्या ओठांना बारीक झालर असलेला मासा मिळाला तर तो लेपा नव्हे, झालरओठ्या. याचं कूळ वेगळं, पॅराप्लागुसिया. झालर कोरडी झाली की ओठाला चिकटून दिसेनाशी होते. पाण्याचा थेंब टाका आणि टूथपिकने ओठ जरा खाली ओढा. थुंतरीचा आकडाही लेप्यापेक्षा लांब, मागे डोळ्यांच्या खालपर्यंत पोचलेला असतो.

पायरी 6: उजव्या अंगाचे सोल

गाल एकसंध आणि डोळे उजव्या अंगावर असतील तर मासा खरा सोल. थुंतरी गोल, आकडा नाही. अंग पानासारखं अंडाकृती. इथे दोन प्रश्न पुरतात: शेपटीचा पर सुटा आहे की कडेच्या परांना जोडलेला, आणि अंगावर पट्टे आहेत का.

जोडलेली शेपूट, पट्टे नाहीत, खाडीच्या गाळातला जाडसर मळकट मासा, अंगावर अस्पष्ट काळे डाग आणि कल्ल्यामागे लहानसा छातीचा पर. हा बहुधा ब्रॅकिरस ओरिएंटॅलिस. लेप्याला छातीचा पर नसतो, याला असतो, घाईत एवढं पुरे.

वाघासारखे आडवे काळे पट्टे असतील तर झेब्रा सोल. त्यात एका जातीच्या प्रत्येक डोळ्यावर बारीक शिंगासारखा कोंब असतो. पट्टे आहेत पण पाठीच्या पराचा अगदी पहिला काटा जाड होऊन डोक्यापुढे शिंगासारखा आला असेल तर तो एकशिंगी सोल. हे सगळे वीतभरातले, खाण्यापेक्षा बघण्यासारखे. काम झालं की पाण्यात सोडा.

रंगाला कुठे जागा द्यायची

वरच्या सगळ्या खुणा दोन जातींवर येऊन थांबल्या असतील तेव्हाच. तेव्हा रंग नव्हे, डागांची जागा बघा. डाग गडद-फिका होतो, पण जागा सोडत नाही. आर्सियसचा सांध्यावरचा डाग मासा फिका पडला तरी तिथेच सापडतो. कधी पांढरी बाजूही अर्धी रंगीत असलेला मासा निघतो. ती वेगळी जात नव्हे, व्यंग आहे.

हमखास चुकतं ते

शेपटीचं टोक तुटून भरून आलं की सुटी शेपूट जोडलेली वाटते. अशा वेळी शेपटीचे काटे मोजू नका, कडेचे पर कुठे संपतात ते बघा. लहान लेप्याच्या डोळ्यांची बाजू चुकते ती आकड्यामुळे, थुंतरीचा आकडा नेहमी पोटाकडे वळतो हे धरून चला. बर्फातल्या माशाचा गाल आक्रसतो आणि सोलच्या कातडीखाली हाडाची खोटी कड दिसते. पाच मिनिटं समुद्राच्या पाण्यात ठेवून पुन्हा नख फिरवा. आणि दात मोजताना वरचा जबडा पुरेसा नाही. माशाच्या तोंडात आधीच्या झटापटीत पुढचे सुळे मोडलेले असू शकतात, दोन्ही जबडे बघा.

गरी आणि आमिष, जातीप्रमाणे

पावसाळ्यात हा नाद नको. 1 जूनपासूनची बंदी यांत्रिक होड्यांसाठी आहे हे खरं, पण तेव्हाच्या लाटेपुढे खडकावर उभं राहणाऱ्याला कायद्याची गरज पडू नये. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की खाडीच्या मुखाजवळची पुळण, वाळूच्या दोन बांधांमधली नाळ आणि चिखल जिथे संपून वाळू लागते ती कड, या जागा धरा. भरती लागल्यावरचे पहिले दोन तास उत्तम. उधाणात ओढ फार असेल तर शिसं टिकत नाही. भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे, दिवस शिकायला बरे.

मांडणी सगळ्यांना एकच: मुख्य तंगुसावर सरकतं शिसं, 30 ते 50 ग्रॅम, खाली मणी, मग फिरकी, आणि तिच्यापुढे 50 सेंटीमीटरचं आखूड तंगूस. फरक गरीत. लेप्याचं तोंड एवढंसं, त्याला लांब दांड्याची 8 नंबरची बारीक गरी आणि वाळूतला किडा किंवा सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. फ्लाउंडर मासे खातो. त्याला 1 किंवा 1/0 ची मोठी गरी आणि बांगड्याची बोटभर लांब पट्टी, कातडीसकट, एका टोकाला टोचलेली. शिसं स्थिर ठेवू नका, मिनिटाला हातभर ओढा. मागे उठणाऱ्या वाळूच्या धुरळ्याकडे तो येतो. होडीतून भाकसासाठी 2/0 किंवा 3/0 आणि 0.60 मिलिमीटरचं आखूड तंगूस, नाहीतर दात ते कापतात.

चावाही सांगतो. लेप्याचा चावा म्हणजे ओलं फडकं अडकल्यासारखा जडपणा, झटका नाही. लगेच ओढलं तर आमिष तोंडातून सुटतं, चारपाच सेकंद थांबा. फ्लाउंडर दोन टोचे देतो आणि मग ओढतो, ओढल्यावरच झटका द्या. लेप्याने गरी गिळली असेल आणि मासा सोडायचा असेल तर खोदत बसू नका, तंगूस तोंडाजवळ कापा.

फोटो काढायचा असेल तर

एका फोटोवरून कोणी खात्रीने जात सांगत असेल तर सावध. पाच हवेत: रंगीत बाजू पट्टीसह, पांढरी बाजू, डोकं आणि पाठीच्या पराची सुरुवात टूथपिकने उचलून, उघडलेलं तोंड, आणि आडव्या उजेडात पार्श्वरेषा. लांबी थुंतरीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मासा न वाकवता. फडका ओला असू द्या, फ्लॅश बंद. फ्लॅशने चिकटा चकाकतो आणि रेष तेवढीच नेमकी जाते. फोटोसोबत जागा, तारीख, खोली आणि तळ वाळूचा की गाळाचा हे टिपून ठेवा.

घरी आल्यावर

लेपा खवलत बसू नका. शेपटीच्या टोकाशी कातडीला चीर द्या, बोटांना मीठ लावा, कातडीचं टोक पकडून डोक्याकडे एका दमात ओढा, मोज्यासारखी निघते. जिथे अडेल तिथे सुरीचं पातं कातडीच्या बाजूला तिरकं ठेवून सोडवा, मांसाकडे नको. मग पोटाची पिशवी काढून अख्खाच तव्यावर. बारीक दातेरी फ्लाउंडर खवले काढून, कडेचे पर कात्रीने कापून लेप्यासारखेच भाजता येतात. मोठ्या भाकसाला मात्र मधल्या काट्यावर लांब चीर देऊन कडेकडे सुरी चालवायची. वरून दोन, खालून दोन, असे चार तुकडे निघतात. वरचे दोन जाड असतात, ते आधी घाला तव्यात. खालचे पातळ, त्यांना निम्मा वेळ पुरतो.